सरकारी सुनावणीत बोलायचंय? हसवा, पटवा आणि कागदावर उमटवा

विकास आराखड्यावर, म्हणजे गावातली कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या पालिकेच्या योजनेवर, हरकत घेतलीय, सुनावणीचं पत्र हातात पडलंय, आणि आता त्या समितीपुढे उभं राहून नेमकं बोलायचं काय हेच सुचत नाहीये, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. आमच्या गावच्या आराखड्याच्या सुनावणीत मी बोललेय, नंतर आसपासच्या बऱ्याच जणांना तयारी करून दिलीय, वीजदराच्या आणि पर्यावरणाच्या जनसुनावण्यांनाही जाऊन बसलेय. सगळीकडे एक गोष्ट दिसते. लोक खरं बोलतात, पोटतिडकीने बोलतात, पण टेबलापलीकडच्या माणसाचं डोकं फाईलमधून वर येत नाही. आणि मग एखादा साधा माणूस उठतो, एकच वाक्य बोलतो, टेबलापलीकडे कुणीतरी हसतं, पेन उचललं जातं, आणि पुढची दोन मिनिटं सगळे त्याचंच ऐकतात.

ही जादू वगैरे नाहीये, शिकता येते. पण अर्धवट शिकली तर उलटते, कारण अधिकाऱ्यापुढचा विनोद आणि कट्ट्यावरचा विनोद यांचे नियम वेगळे. माझा नियम एकच आहे आणि तो आधीच सांगते: ज्या विनोदातला मुद्दा इतिवृत्तात, म्हणजे सुनावणीच्या लेखी नोंदीत, लिहिता येईल तोच करायचा. हे कसं ते पुढे येईलच.

1. समोर कोण बसलंय ते समजून घ्या

उदाहरण म्हणून विकास आराखड्याचीच सुनावणी घेते, कारण सर्वसामान्य माणसाचा संबंध तिथे सगळ्यात जास्त येतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 प्रमाणे आधी प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा प्रसिद्ध होतो, नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकती-सूचना द्यायच्या असतात, आणि त्या ऐकायला नियोजन समिती असते. तिच्यात स्थायी समितीतले तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. म्हणजे कुणी निवृत्त नगररचनाकार, कुणी पर्यावरणातलं जाणकार, आणि बाजूला आपल्या पालिकेचा नगररचना विभाग नकाशे घेऊन बसलेला.

ही समिती तिथल्या तिथे निर्णय देत नाही. ती अहवाल करते, त्यात प्रत्येक हरकतीपुढे शिफारस येते, मान्य, अंशतः मान्य किंवा अमान्य, आणि शेजारी कारण. तो अहवाल पालिकेकडे जातो, तिथून आराखडा शासनाकडे मंजुरीला. त्यामुळे "आत्ताच्या आत्ता रद्द करा" असं ओरडून काहीच होत नाही, समोरच्याच्या हातात तो अधिकारच नाही. त्याच्या हातात आहे ते कारणाच्या रकान्यातलं एक वाक्य. तुमचं सगळं बोलणं, हसवणं, रडवणं, आकडे, सगळं त्या एका वाक्यासाठी आहे हे डोक्यात पक्कं ठेवा.

आणखी एक, ही माणसं सकाळपासून बसलेली असतात. एकाच आरक्षणावर, म्हणजे आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेवर, शे-दोनशे छापील हरकती आलेल्या असतात, सगळ्यांचा मजकूर सेम, फक्त खालची सही वेगळी. तुमचा नंबर दुपारी जेवणानंतर लागला तर समजून घ्या की समोरचा माणूस वाईट नाहीये, दमलेला आहे. विनोदाचं पहिलं काम त्याला दोन सेकंद विश्रांती देणं हे आहे.

2. कागद आधी, बोलणं नंतर

हे जमवल्याशिवाय पुढचं वाचूच नका. रिकाम्या हाताने केलेला विनोद म्हणजे टवाळी, आणि हातात कागद असताना केलेला तोच विनोद म्हणजे मुद्दा.

- लेखी हरकतीची प्रत, पालिकेच्या आवक शिक्क्यासकट. पोच नसेल तर तुम्ही हरकत घेतलीच नव्हती असं धरलं जाऊ शकतं
- सुनावणीचं पत्र, त्यावरचा हरकत क्रमांक लाल पेनाने गोल केलेला
- सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, जिथे जे लागू असेल ते
- भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला तुमच्या गट नंबरचा किंवा सर्व्हे नंबरचा तुकडा, मोठ्या कागदावर रंगीत प्रिंट काढून
- विद्यमान जमीन वापराचा नकाशा, त्याच तुकड्याचा. आज जागेवर काय आहे असं पालिकेला वाटतं ते यात दिसतं, आणि गंमत बहुतेक वेळा इथेच लपलेली असते
- जागेचे फोटो, तारखेसकट, चार-पाच पुरे
- तुम्ही इतरांच्या वतीने बोलणार असाल तर सह्यांचं पत्र
- एका पानाचं निवेदन, शेवटी तुमची मागणी आणि तिचं कारण दोन वाक्यांत

सगळ्याच्या तीन प्रती करा. एक समितीला, एकीवर पोच घ्यायची, एक हातात बोलताना. पानांना नंबर घाला, म्हणजे "पान 4 बघावं साहेब" असं म्हणता येतं आणि सगळे एकदम पान उलटतात, त्या पान उलटण्याच्या आवाजाने खोलीतलं लक्ष तुमच्याकडे येतं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

3. तीन गोष्टी लागतात: भरवसा, हिशोब, जिव्हाळा

अ‍ॅरिस्टॉटल नावाच्या ग्रीक माणसाने तेवीसशे वर्षांपूर्वी हे मांडून ठेवलंय, की ऐकणाऱ्याला पटतं ते तीन वाटांनी, बोलणाऱ्यावरच्या विश्वासाने, मुद्द्याच्या तर्काने आणि मनात उठणाऱ्या भावनेने. पण आपल्याला हे समजायला ग्रीसला जायची गरज नाही. गाडगेबाबा आठवा. गावात आले की आधी हातात खराटा, दिवसभर गाव झाडायचं, आणि रात्री कीर्तनात वऱ्हाडी बोलीत लोकांना प्रश्न विचारायचे, समोरून उत्तर यायचं, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न, हसता हसता माणूस स्वतःच्याच तोंडाने कबूल व्हायचा की बकरं कापून, कर्ज काढून देवाचं काही होत नाही. दिवसा झाडलेलं गाव हा भरवसा होता. प्रश्नांची साखळी हा हिशोब. आणि ज्या मायेने ते रागवायचे तो जिव्हाळा. हसू या तिन्हीच्या वरून वाहायचं, तिन्हीच्या ऐवजी नव्हतं.

सुनावणीत याचा अर्थ काय होतो ते बघा.

भरवसा: तुम्ही कोण, किती जणांच्या वतीने, जागेवर किती वर्षं, आणि मुख्य म्हणजे तुम्हाला नक्की काय मान्य आहे. होय, मान्य काय आहे ते आधी सांगा. "रस्ता हवा हे आम्हालाही मान्य आहे" या एका वाक्याने तुम्ही विरोधकाच्या खुर्चीतून उठून सल्लागाराच्या खुर्चीत बसता. समितीला दिवसभर नुसता नकार ऐकू येत असतो.

हिशोब: लांबी, रुंदी, अंतर, घरांची संख्या, पर्यायी जागा. शक्यतो टेप लावून मोजलेलं, अंदाजपंचे नको.

जिव्हाळा: इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात. "साहेब आम्ही गरीब लोक, आमचे संसार उद्ध्वस्त होतील" हे वाक्य समितीने सकाळपासून पन्नास वेळा ऐकलेलं असतं आणि कारणाच्या रकान्यात ते लिहिता येत नाही. त्यापेक्षा एकच माणूस, एकच गोष्ट सांगा, आणि ती सार्वजनिक हिताला जोडा. "आमच्या गल्लीतल्या आजी वॉकर घेऊन या बोळातून दवाखान्यात जातात, त्या बोळाची रुंदी 2 मीटर आहे आणि आराखड्यात तो बंद दाखवलाय." आता आजी पण आल्या, आकडा पण आला, आणि रकान्यात लिहायला "पादचारी मार्ग बंद होत असल्याने" हे पण मिळालं.

4. विनोद शोधायचा कुठे? नकाशातच

घरी बसून विनोद रचायला जाऊ नका, तो रचलेला कळतो. दोन नकाशे शेजारी ठेवा, एक आजच्या जागेचा आणि एक आराखड्याचा, आणि मग प्रत्यक्ष जागेवर जा, शक्यतो शाळा सुटायच्या वेळी किंवा बाजाराच्या दिवशी. कागद काय म्हणतो आणि जागा काय म्हणते यातली तफावत हाच तुमचा विनोद. तो तुम्ही फक्त उचलायचा असतो.

काही नमुने देते, समजायला.

नकाशात मैदानाची नोंद "मोकळी जागा" अशी आहे आणि आराखड्यात तिथे रहिवास विभाग, म्हणजे घरांसाठीची जागा, दाखवलाय. बोलायचं ते असं: "साहेब, ही जागा मोकळी असते हे खरं आहे, पण फक्त दुपारी 2 ते 4, तेही परीक्षेच्या दिवसांत. बाकी वेळेचे फोटो पान 3 वर आहेत." लोक हसतात, पण या वाक्यात वापराची वेळ आहे, पुरावा आहे, पान नंबर आहे.

प्रस्तावित रस्ता सार्वजनिक विहिरीवरून जातो. "हा रस्ता असाच बांधला तर पहिली गाडी थेट पाण्याला लागेल." म्हणजे आखणी करताना विहीर नोंदलेलीच नाही.

भाजी मंडईचं आरक्षण गावाबाहेर टेकडीवर. "मॅडम, भाजी चढवायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात कोथिंबीर परत उगवेल. चढ मोजलाय, पान 2." चढ मोजलेला नसेल तर हे वाक्य म्हणू नका, नुसता शेरा होतो.

तफावत मांडून मोठे निर्णय हलतात याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण मुंबईचंच. मुंबईचा नवा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, लोकांनी जागोजागच्या चुका दाखवायला सुरुवात केली, कुठे वारसा वास्तू नकाशातून गायब तर कुठे उभ्या इमारतींतून रस्ता, आणि एप्रिलमध्येच मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने दुरुस्त करायला सांगितला. सुधारित प्रारूप 2016 च्या मे महिन्यात आलं आणि मंजुरी 2018 मध्ये. त्यात तज्ज्ञ, संस्था, पत्रकार सगळ्यांचं काम होतं, एकट्यादुकट्याच्या विनोदाने हे झालं असं मी म्हणणार नाही. पण "इथे इमारत उभी आहे आणि नकाशात रस्ता आहे" या प्रकारच्या वाक्यात जी ताकद असते ती तिथे दिसली. अशा वाक्याला उत्तर देता येत नाही, नुसतं दुरुस्त करता येतं.

आता जे विनोद टाळायचे ते.

खड्डे आणि चंद्र, विकास हरवला आहे, पालिका झोपली आहे, हे सगळं समोरच्याने वर्षानुवर्षं ऐकलंय, हसू येत नाही आणि तुम्ही तयारी केलेली नाही हे मात्र कळतं. पाठ केलेल्या शेरोशायरीचंही तेच. म्हण वापरायची तर सगळ्या महाराष्ट्राला कळेल अशी वापरा, कारण समितीतला तज्ज्ञ दुसऱ्या जिल्ह्यातून आलेला असू शकतो. बोली मात्र तुमचीच ठेवा, अहिराणी वळणाची असो, मालवणी असो, वऱ्हाडी असो. पुस्तकी मराठीत अडखळत बोलणाऱ्यापेक्षा आपल्या बोलीत सरळ बोलणारा जास्त खरा वाटतो आणि हसूही तिथेच सहज येतं.

5. इतिवृत्ताची कसोटी

बाजूला एक कर्मचारी बसलेला असतो, तो लिहून घेत असतो. तुमचं प्रत्येक वाक्य त्याच्या पेनाखाली ठेवून बघा. "पहिली गाडी पाण्याला लागेल" याचं तो काय लिहील? "प्रस्तावित रस्त्याच्या आखणीत सार्वजनिक विहीर येत असल्याचे अर्जदाराने निदर्शनास आणले." पास. "मोकळी फक्त दुपारी 2 ते 4" याचं? "सदर जागा मुलांच्या खेळासाठी नियमित वापरात असल्याचे छायाचित्रांसह सांगितले." पास.

आणि "साहेब तुम्ही कधी एसी गाडीतून खाली उतरलात का?" याचं? काही नाही. किंवा "अर्जदाराने असंबद्ध विधाने केली." "हा नकाशा काढणाऱ्याने आमचं गाव बघितलं तरी होतं का", यावर मागच्या बाकांवर टाळ्या पडतील, पण ज्याने नकाशा काढला तो त्याच खोलीत बसलाय, आणि समितीने काही विचारलं की उत्तर देणारा तोच आहे. तुम्ही त्याला कोपऱ्यात ढकललंत तर तो आपली आखणी जीव तोडून राखणार, कुणीही राखेल. म्हणून विनोद रेषेवर करा, रेष ओढणाऱ्यावर नको. "नकाशात विहीर राहून गेलीय" असं म्हणा, "तुम्ही विहीर विसरलात" असं नको. त्याला मान खाली न घालता दुरुस्ती करता आली पाहिजे, तुम्हाला पण तेच हवंय ना.

काही विषयांवर विनोद नकोच, कितीही समर्पक सुचला तरी. स्मशानभूमी, अपघात, विस्थापित होणारी घरं, कुणाची जात, धर्म, आडनाव, बाईमाणसाचं दिसणं, कुणाचं अडखळणं. एकदा प्रसूतिगृह आणि स्मशानभूमी यांची आरक्षणं भिंतीला भिंत लागून होती आणि त्यावर काय काय बोलता येईल हे आम्हाला सगळ्यांना सुचलं होतं. बोललो नाही. खोलीत कुणाच्या घरी काय झालंय हे आपल्याला माहीत नसतं. तिथे नुसतं मीटरमधलं अंतर सांगितलं आणि गप्प बसलो, ते पुरलं.

6. तीन मिनिटांत बसवा

वेळ दोन-तीन मिनिटंच मिळते असं धरून चला, गर्दी असेल तर त्याहून कमी. मोबाईलवर टायमर लावून घरच्यांसमोर मोठ्याने बोलून बघा, मनातल्या मनात नाही. मी ज्या क्रमाने बोलते आणि बोलायला लावते तो असा: क्रमांक, मान्य काय, मागणी, तफावत म्हणजे विनोद, पुरावा, एक माणूस, पर्याय, लेखी देऊन आभार. मागणी पहिल्या अर्ध्या मिनिटात आलीच पाहिजे, कारण मध्येच "ठीक आहे, पुढचे" झालं तर ती राहून जाते.

हा एक रचलेला नमुना, नावं-आकडे तुमचे घाला:

"नमस्कार अध्यक्ष महोदय, सर्व सदस्य. हरकत क्रमांक 214, गट नंबर 87, प्रस्तावित 12 मीटर रस्ता. आम्ही 46 कुटुंबांच्या वतीने चौघं आलोय, सह्या पान 1 वर. रस्ता हवाय, त्याला विरोध नाही. मागणी एवढीच की तो 15 मीटर उत्तरेला सरकवावा. कारण आत्ताची रेष आमच्या सार्वजनिक विहिरीच्या बरोबर मधून जाते. असाच बांधला तर पहिली गाडी थेट पाण्याला लागेल. विहीर विद्यमान जमीन वापर नकाशात राहून गेलीय, फोटो पान 3 वर. एप्रिल-मे मध्ये नळाला पाणी नसतं तेव्हा ही 46 घरं याच विहिरीवर असतात, सगळ्यात लांबचं घर एका विधवा मावशींचं, त्या रोज सकाळी सहा हंडे नेतात. उत्तरेला नाल्याकडेची पट्टी सरकारी आहे, सातबारा पान 4. तिकडून रस्ता नेला तर एकही घर जात नाही आणि भूसंपादनाचा खर्चही वाचतो. निवेदनात मागणी आणि कारण लिहून दिलंय. ऐकून घेतलंत, आभारी आहोत."

विनोद एकच आहे, बघा. एवढ्या वेळात एक पुरतो, फार तर दोन. आणि तो मागणीनंतर येतो, आधी नाही. सुरुवातीलाच हसवलं तर लोक पुढच्या विनोदाची वाट बघत बसतात आणि मागणी कानावरून जाते. विनोदाच्या पाठोपाठ लगेच पुरावा, कारण हसल्यावर जो क्षणभर मोकळेपणा येतो त्यात पान उलटलं जातं. आणि "खर्चही वाचतो" हे वाक्य जिथे खरं असेल तिथे जरूर घाला, अधिकाऱ्याला वरच्याला उत्तर द्यायचं असतं, लेखापरीक्षण असतं, त्याला हो म्हणायला आधार लागतो.

अनेक जण जाणार असाल तर बोलणं वाटून घ्या. एकाने मागणी आणि आकडे, एकाने जागेचं वर्णन, आणि ज्या माणसाचं प्रत्यक्ष जाणार आहे त्याने स्वतः दोन वाक्यं. विनोद ज्याच्या तोंडी शोभतो त्यालाच द्या. आमच्याकडे बहुतेक वेळा तो एखाद्या ज्येष्ठ काकांच्या तोंडी शोभतो, तरुण मुलाने तेच वाक्य म्हटलं तर उद्धटपणा वाटू शकतो, हे अन्यायाचं असेल पण असं आहे.

7. प्रत्यक्ष खोलीत

लवकर जा आणि तुमच्या आधीच्या पाच-सहा सुनावण्या ऐका. समितीतलं कोण प्रश्न विचारतं, कोण नकाशा बघतं, कोण वैतागलंय हे कळतं. आधीच्याच सुनावणीत कुणाचं घर जाणार म्हणून रडारड झाली असेल तर विनोद गाळा, सरळ पुरावा आणि पर्याय बोला.

हसू आलं तर थांबा, संपू द्या, आणि मग "पान 3" म्हणा. आलं नाही तर अजिबात थांबू नका, पुन्हा समजावून सांगू नका, पुढे चला, वाक्यात माहिती असल्यामुळे ते वाया गेलेलं नसतं. स्वतः हसू नका. मागच्या मंडळींना आधीच सांगून ठेवा की टाळ्या-शिट्ट्या नकोत, टाळी वाजली की सुनावणीची सभा होते आणि समिती आवळून बसते.

समोरच्याला अडचणीत टाकणारे प्रश्न टाळा. "तुमच्या घरासमोर असं केलं तर चालेल का?" याचं उत्तर तो नोंदीवर देऊच शकत नाही. त्याऐवजी बघण्याची विनंती असलेला प्रश्न, "नकाशात ही विहीर दिसते का, एवढं एकदा बघावं." तो बघतो, दिसत नाही, आणि ते त्याने स्वतः शोधलेलं असतं.

कधी उलटंही होतं, अधिकारीच तुमच्यावर विनोद करतात. "विहीर आहे तर पोहायला शिका" असलं काहीतरी. राग येतो, साहजिक आहे. शांतपणे "साहेब, पान 3" म्हणा. त्याच्याशी जुगलबंदी लावलीत तर तीन मिनिटं त्यातच जातात, मुद्दा बाहेर राहतो.

8. हमखास अडकवणाऱ्या गोष्टी

व्हिडिओ. साहेब हसले, त्याची क्लिप गावच्या ग्रुपवर, वर "साहेबांची बोलती बंद" असं लिहून. असं कृपा करून करू नका. पुढच्या माणसाच्या सुनावणीत कुणी हसणार नाही, ऐकणार पण नाही, आणि फटका त्या पुढच्याला बसेल.

लेखी निवेदनात विनोद. बोलताना हसू चेहऱ्यावरून कळतं, कागदावर तेच टोमणा वाटतं. लिहिताना नुसती तफावत लिहा.

अतिशयोक्ती. 46 घरांची 500 घरं केली की एका प्रश्नात सगळं ढासळतं आणि मग विहीर पण खोटी वाटायला लागते.

स्थानिक नेत्याला पुढे करून आपण मागे उभं राहणं. ते आले तर स्वागत, पण हरकत तुमच्या नावावर आहे, बोला तुम्ही.

आणि लेखी हरकतीत नसलेला नवाच मुद्दा सुनावणीत काढणं. हरकत लिहितानाच सगळं थोडक्यात का होईना लिहून ठेवा, सुनावणीत ते फुलवता येतं.

9. दुसऱ्या प्रकारच्या सुनावणीत काय बदलतं

पर्यावरणाची जनसुनावणी, म्हणजे खाण, कारखाना, बंदर वगैरे, केंद्र सरकारच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे होते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाच्या खालचा नसलेला प्रतिनिधी, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी, आणि सगळ्याचं चित्रीकरण. शेवटी कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो, तोपर्यंत बसून राहा, तुमचा मुद्दा वाचला गेला नाही तर तिथेच हात वर करून सांगा. गर्दी मोठी, माईक, वातावरण तापलेलं, त्यामुळे विनोद शांतपणे आणि छोटा. पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश आधी वाचा, तफावत तिथे सापडते, गावात नदी आहे आणि सारांशात तिचा उल्लेखच नाही, या जातीची.

वीजदराची सुनावणी वीज नियामक आयोगापुढे असते, तो अर्धन्यायिक आहे, म्हणजे जवळपास कोर्टासारखा. "माननीय आयोग" म्हणायचं, याचिकेचा क्रमांक सांगायचा, आणि विनोद आपल्या बिलातल्या आकड्यावरच ठेवायचा.

जिल्हा पातळीवरचा लोकशाही दिन, म्हणजे जिल्हाधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी. तिथे वैयक्तिक तक्रार लागते, विहित नमुन्यात अर्ज आधी द्यावा लागतो, न्यायालयात असलेली प्रकरणं घेत नाहीत. समोरासमोर अगदी थोडा वेळ मिळतो, एक वाक्य नीट बसवून जा.

ग्रामसभेत मात्र सगळे ओळखीचे, सरपंच चुलतभाऊ, ग्रामपंचायत अधिकारी (आधीचे ग्रामसेवक) रोज भेटणारे. तिथे हसवणं सोपं आणि दुखावणं त्याहून सोपं. ठराव लिहून न्या, सूचक-अनुमोदक ठरवून जा, आणि ठराव नोंदवहीत लिहिला गेला की मगच उठा.

न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात यातलं काही वापरू नका, तिथे वकिलांना विचारा.

10. सुनावणी झाली, आता

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एक पत्र द्या: "हरकत क्रमांक अमुकच्या सुनावणीत आम्ही खालील मुद्दे मांडले." तीन-चार ओळी, सोबत पान 3 आणि 4 परत जोडा, आवक शिक्का घ्या. विनोदाने जे लक्षात राहिलं ते या पत्राने फाईलला लागतं. समितीने स्थळपाहणी करावी असं वाटत असेल तर ती विनंती याच पत्रात घाला, आणि जागेवर कोण भेटेल त्याचं नाव-नंबर द्या.

मग थोड्या दिवसांनी माहिती अधिकारात अर्ज, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत: आपल्या हरकतीच्या सुनावणीच्या नोंदीची प्रत, आणि समितीचा अहवाल सादर झाला असल्यास त्यातल्या आपल्या हरकतीपुढच्या शिफारशीची प्रत. 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपये.

शिफारस "अंशतः मान्य" आली तर निराश होऊ नका, नेमका कोणता अंश ते नकाशावर तपासा, कधीकधी शब्दांत मान्य असतं आणि सुधारित नकाशात रेष जुन्याच जागी असते. तसं दिसलं तर दोन्ही कागद शेजारी जोडून पालिकेला आणि नगररचना संचालनालयाला लगेच लिहा, आराखडा शासनाकडे मंजुरीला असेपर्यंत ही दुरुस्ती करून घेणं त्यामानाने सोपं असतं.